देशाचा आकडा आणि जळगावचे विमान
हवाई वाहतुकीचे दीर्घकालीन अंदाज वाचताना आणि त्यावर निर्णय घेताना

‘येत्या वीस वर्षांत देशातील विमानप्रवासी कित्येक पटींनी वाढणार’ अशा अर्थाची बातमी वर्षातून दोन-तीनदा तरी वाचायला मिळते. जळगाव जिल्ह्यातल्या रावेरमध्ये ती प्रत्येकाला वेगळ्या अर्थाने भिडते. बारावी सायन्सच्या मुलाने वैमानिक व्हायचे मनात घेतले असेल, तर वडिलांना ती बातमी म्हणजे कर्ज काढायला मिळालेला दुजोरा वाटतो. जळगाव विमानतळाच्या बाजूला प्लॉट दाखवणारा दलाल तीच बातमी मोबाइलवर पुढे करतो. केळी निर्यात करणाऱ्याला वाटते, आता आपला मालही विमानाने जाईल. आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला वाटते, आता दिवाळीला घरी यायची सोय झाली.

बातमीतला आकडा बहुधा खोटा नसतो. पण तो सबंध देशाचा असतो, वीस वर्षांचा असतो आणि काही गोष्टी गृहीत धरून काढलेला असतो. आपला निर्णय मात्र एका घराचा, एका तालुक्याचा आणि पुढच्या दोन-चार वर्षांचा असतो. देशाचा आकडा खरा ठरला तरी आपला निर्णय चुकू शकतो. तसे होऊ नये म्हणून असा अंदाज कसा तपासायचा आणि तो आपल्या जिल्ह्यापर्यंत कसा आणायचा, ते क्रमाने पाहू. त्यासाठी लागणारे गणित दहावीच्या चक्रवाढ व्याजापलीकडचे नाही.

१. आधी पाहा, मोजले काय आहे

जळगावहून पुण्याला एक माणूस विमानाने गेला. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, विमान कंपन्यांकडून आकडे घेते. त्या हिशेबात हा एक प्रवासी. विमानतळांच्या हिशेबात मात्र तो जळगावला चढताना एकदा आणि पुण्याला उतरताना एकदा, असा दोनदा धरला जातो. म्हणून देशांतर्गत प्रवाशांचा विमानतळांवरचा आकडा कंपन्यांच्या आकड्याच्या साधारण दुप्पट भरतो. २०२३ या वर्षात कंपन्यांनी देशात १५.२ कोटी प्रवासी नेले. २०२३-२४ या आर्थिक वर्षात विमानतळांवरची देशांतर्गत नोंद सुमारे ३०.७ कोटी होती. दोन्ही आकडे बरोबरच आहेत. एका बातमीतला पहिला आणि दुसऱ्या बातमीतला दुसरा शेजारी ठेवून ‘वर्षात दुप्पट वाढ’ असा निष्कर्ष काढला, तर मात्र तो साफ चुकीचा.

म्हणून आकडा दिसला की तीन गोष्टी विचारा. हा प्रवाशांचा आकडा आहे की विमानतळावरील नोंदींचा? यात परदेशी प्रवास धरला आहे का? वर्ष जानेवारी ते डिसेंबर आहे की एप्रिल ते मार्च? शिवाय प्रवासी म्हणजे माणसे नव्हेत, फेऱ्या. महिन्यातून चारदा मुंबई-दिल्ली ये-जा करणारा एकच अधिकारी वर्षाकाठी जवळपास शंभर प्रवासी म्हणून मोजला जातो. ‘१६ कोटी भारतीय विमानात बसले’ हे वाक्य त्यामुळेच चूक आहे.

२. सुरुवातीचे वर्ष कोणते धरले?

डीजीसीएच्या आकडेवारीनुसार देशांतर्गत प्रवासी २०१४ मध्ये सुमारे ६.७४ कोटी, २०१९ मध्ये १४.४२ कोटी आणि २०२४ मध्ये १६.१३ कोटी होते. कागद-पेन्सिल घेऊन वार्षिक वाढीचा दर काढून पाहा.

२०१४ ते २०१९ : वर्षाला सुमारे १६ टक्के.
२०१९ ते २०२४ : वर्षाला सव्वादोन टक्के.
२०१४ ते २०२४ : वर्षाला सुमारे ९ टक्के.

देश तोच, आकडे तेच. फक्त कोठून कोठवर मोजले एवढाच फरक. २०१९ मध्ये बसून कोणी १६ टक्क्यांची रेघ पुढे ओढली असती, तर २०२४ साठी त्याचा अंदाज जवळपास ३१ कोटी आला असता. प्रत्यक्षात त्याच्या निम्म्याच्या थोडे वर प्रवासी झाले. मधल्या काळात कोरोना आला, २०२० मध्ये प्रवासी ६.३ कोटींवर घसरले आणि २०१९ ची पातळी ओलांडायला २०२३ उजाडले.

चूक उलट्या बाजूनेही होते. २००३ मध्ये एअर डेक्कनने स्वस्त तिकिटांची सेवा सुरू केली आणि मध्यमवर्गाला विमान परवडू लागले. २००२ पर्यंतच्या आकड्यांवरून ज्याने पुढची वीस वर्षे मोजली असती, त्याला ही झेप दिसलीच नसती. म्हणून अंदाज वाचताना किमान दहा-पंधरा वर्षांचा मागचा काळ पाहा आणि त्यात एखादे वाईट वर्ष धरले आहे की नाही, ते तपासा. निव्वळ चांगल्या वर्षांवर उभारलेला अंदाज पहिल्याच संकटात कोसळतो.

३. अंदाज तयार कसा होतो?

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने, म्हणजे इकाओने, असे अंदाज बांधण्यासाठी स्वतंत्र मार्गदर्शिका काढली आहे. त्यातल्या पद्धती ढोबळमानाने तीन. पहिलीत मागच्या वाढीची रेघ पुढे नेतात. दुसरीत प्रवास कशामुळे वाढतो ते शोधतात, म्हणजे लोकांचे उत्पन्न, तिकिटाचा दर, लोकसंख्या, आणि त्या कारणांवरून प्रवास मोजतात. तिसरीत प्रवाशांना, उद्योगांना आणि विमान कंपन्यांना प्रत्यक्ष विचारून बाजारपेठ पाहतात. जबाबदारीने केलेल्या अंदाजात तिन्हींचा मेळ घातलेला असतो.

दीर्घ मुदतीसाठी दुसऱ्या पद्धतीवर जास्त भिस्त असते. तिचा गाभा समजायला सोपा आहे. देशाचे उत्पन्न १ टक्क्याने वाढले, तर विमानप्रवास किती टक्क्यांनी वाढतो? हे प्रमाण भारतासारख्या वाढत्या देशात १ पेक्षा जास्त धरतात, कारण हातात थोडा पैसा खेळू लागला की पहिल्यांदा विमानात बसणारे वाढतात. अर्थव्यवस्था वर्षाला साडेसहा टक्क्यांनी वाढेल आणि हे प्रमाण १.३ राहील असे धरा. प्रवास साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढेल. आता दुसरे गणित करा. अर्थव्यवस्था साडेपाच टक्क्यांनी वाढेल आणि प्रमाण १.१ राहील. प्रवास सहा टक्क्यांनी वाढेल.

दोन्ही गृहीतके वाजवीच वाटतात. पण २०२४ च्या १६.१३ कोटींवरून वीस वर्षे पुढे गेलात, तर पहिल्या हिशेबाने २०४४ मध्ये सुमारे ८२ कोटी प्रवासी येतात आणि दुसऱ्याने सुमारे ५२ कोटी. गृहीतकांतला फरक एक टक्क्याचा आणि दोन दशांशांचा, निकालातला फरक ३० कोटींचा. चक्रवाढीचा हा गुण विसरू नका.

यातून वाचकासाठी दोन नियम निघतात. पहिला, एकच आकडा देणाऱ्या अंदाजापेक्षा ‘कमी, मध्यम, जास्त’ अशा तीन शक्यता देणारा अंदाज अधिक भरवशाचा. दुसरा, निर्णय घेताना ‘कमी’ची शक्यता हातात धरा. त्या आकड्यावरही आपले गणित बसत असेल तरच पाऊल टाका.

आणखी एक गोष्ट. उत्पन्न आणि प्रवास यांचे हे प्रमाण कायम टिकत नाही. लोकसंख्येच्या हिशेबात भारतात माणशी वर्षाला विमानाच्या ०.११ फेऱ्या होतात, म्हणजे नऊ माणसांमागे एक. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासच माणशी दोन फेऱ्यांहून जास्त आहे. म्हणून भारतात वाढीला जागा मोठी आहे यात शंका नाही. पण प्रवास वाढत जातो तशी वाढीची चाल मंदावते. पहिल्या दहा वर्षांचा दर विसाव्या वर्षापर्यंत तसाच लावला असेल, तर त्या अंदाजाकडे सावधपणे पाहा.

४. उद्दिष्ट आणि अंदाज यांची गल्लत करू नका

सरकार उद्दिष्ट ठरवते. ते ठरवावेच लागते, कारण त्यावरून विमानतळ, निधी आणि मनुष्यबळ यांचे नियोजन होते. पण उद्दिष्ट म्हणजे ‘असे व्हावे’ आणि अंदाज म्हणजे ‘असे होण्याचा संभव आहे’. २०१६ च्या राष्ट्रीय नागरी विमान वाहतूक धोरणात २०२२ पर्यंत देशांतर्गत ३० कोटी आणि २०२७ पर्यंत ५० कोटी तिकिटांचे उद्दिष्ट होते. २०२२ मध्ये प्रत्यक्षात १२.३ कोटी प्रवासी झाले. कोरोनाचा फटका बाजूला ठेवला, तरी २०१९ चा आकडा साडेचौदा कोटींच्या आतच होता.

त्या धोरणाने काही साधले नाही, असा याचा अर्थ नाही. २०१४ मध्ये देशात चालू विमानतळ ७४ होते, दहा वर्षांत त्यांची संख्या दीडशेच्या वर गेली. जळगावचे विमान हेही त्याच धोरणाचे फळ आहे. पण बातमीत ‘होणार’ हा शब्द दिसला की तो कोणाच्या तोंडचा आहे हे पाहा. मंत्र्यांनी सांगितलेले उद्दिष्ट, विमान बनवणाऱ्या कंपनीचा अंदाज आणि स्वतंत्र अभ्यासकाचा अंदाज यांचे वजन सारखे नसते. बोइंग आणि एअरबस दरवर्षी वीस वर्षांचे अंदाज प्रसिद्ध करतात. ते मेहनतीने केलेले असतात, उपयोगीही असतात. पण त्यांना विमाने विकायची आहेत, हे ध्यानात ठेवूनच वाचावेत.

५. मागणी आहे, पण विमान कुठे आहे?

लोकांना जायचे आहे एवढ्याने प्रवासी वाढत नाहीत. विमान लागते, वैमानिक लागतात, उतरायला धावपट्टी लागते आणि तिकीट परवडावे लागते. यातली एक गोष्ट अडली की अंदाज अडतो.

विमानांचे पाहा. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली. पण नोंदवलेले विमान हाती यायला वर्षे लागतात. त्याच काळात इंजिनांच्या बिघाडामुळे इंडिगोची अनेक विमाने जमिनीवर उभी राहिली. कंपन्याही बंद पडतात. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये थांबली. किंगफिशर कोलमडली त्या वर्षी देशाचे एकूण प्रवासीही आदल्या वर्षीपेक्षा कमी भरले.

धावपट्टीचे पाहा. मुंबईच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. मुंबईत उतरण्याची वेळ मिळवणे ही छोट्या कंपन्यांची जुनी अडचण. नवी मुंबई विमानतळाची कल्पना १९९७ ची. भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झाले, तेव्हा २०१९ च्या अखेरीस विमान उडेल असे सांगितले जात होते. उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाली. पहिल्या टप्प्यात वर्षाला दोन कोटी प्रवाशांची क्षमता आहे. जळगावसारख्या गावांसाठी ही खरी मोठी बातमी, कारण मुंबईत जागा झाली तरच लहान गावांच्या विमानांना सोयीची वेळ मिळू शकते. पण सहा वर्षांचा विलंबही लक्षात ठेवा. तुमचा निर्णय एखाद्या प्रकल्पावर अवलंबून असेल, तर सांगितलेल्या तारखेत पाच वर्षे मिळवून गणित मांडा. तरीही परवडत असेल तर ठीक.

६. देशाचा आकडा जळगावला लावून पाहू

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून थोडे थांबू.

२०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४२ लाख ३० हजार होती. देशाची माणशी ०.११ फेऱ्यांची सरासरी तिला लावली, तर वर्षाला सुमारे ४ लाख ६५ हजार प्रवासी येतात. आता विमान पाहू. जळगावला येणारे एटीआर-७२ जातीचे विमान सुमारे ७० आसनांचे. रोज एकदा आले आणि एकदा गेले, तर वर्षाला ५१,१०० आसने होतात. त्यातली ७० टक्के भरली असे धरले, तर प्रवासी ३५,७७०. म्हणजे देशाच्या सरासरीने जळगावला रोज अशी तेरा विमाने यायला हवीत!

तेरा येत नाहीत हे सगळ्यांना दिसते आहे. कारण सरासरी सगळीकडे सारखी वाटलेली नसते. प्रवाशांचा मोठा वाटा मुंबई, दिल्ली, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या शहरांतून उडतो. आपल्या जिल्ह्यातला प्रवासी उडतो तेव्हाही तो अनेकदा जळगावहून उडत नाही. रावेरचा माणूस बऱ्हाणपूर-खंडवा मार्गे इंदूरला जातो, कोणी छत्रपती संभाजीनगर गाठतो, कोणी रेल्वेने मुंबईला जाऊन तिथून परदेशी विमान पकडतो.

आता जळगाव विमानतळाचा इतिहास आठवून पाहा. सार्वजनिक बांधकाम विभागाने १९७३ मध्ये धावपट्टी बांधली. पुढे ती नगरपालिकेकडे आली. २००९ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाशी करार झाला, जिल्ह्याच्याच कन्या असलेल्या तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते २०१० मध्ये पायाभरणी आणि २३ मार्च २०१२ रोजी उद्घाटन झाले. इमारत उभी राहिली, पण नियमित प्रवासी विमान यायला लहान शहरांना विमानाने जोडणारी ‘उडान’ योजना यावी लागली. डिसेंबर २०१७ मध्ये एअर डेक्कनचे १९ आसनी विमान मुंबईसाठी सुरू झाले. ते टिकले नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये ट्रूजेट आली, मुंबई आणि अहमदाबाद जोडले गेले, पुढे कोरोना आला आणि ती कंपनीही बंद पडली. एप्रिल २०२४ मध्ये फ्लाय९१ ने गोवा आणि हैदराबादची, मग पुण्याची सेवा सुरू केली. त्याच वर्षी अलायन्स एअरचे मुंबईचे विमानही आले.

याच काळात देशाचे आकडे कसे होते? २०१७ मध्ये ११.७ कोटी, २०१८ मध्ये १३.९ कोटी. देश जोरात उडत होता, तेव्हाच जळगावची पहिली सेवा डळमळली. देशाचा आलेख वर जात असताना आपल्या गावाचे विमान बंद पडू शकते, हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

यात जळगाव एकटे नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०२३ मध्ये ‘उडान’ची तपासणी प्रसिद्ध केली. मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षांची मुदत पूर्ण केली. आणि मुदतीनंतर, मार्च २०२३ पर्यंत, फक्त ५४ मार्ग चालू राहिले. तीन वर्षे महत्त्वाची का? कारण या योजनेत कंपनीचा तोटा भरून काढणारे अनुदान तीन वर्षेच मिळते. त्या काळात ठरावीक आसने सवलतीच्या दरात द्यायची, राज्याने विमान इंधनावरचा कर १ टक्का किंवा त्याहून कमी ठेवायचा, विमानतळाने उतरण्याचे शुल्क घ्यायचे नाही, अशी सगळ्यांनी मिळून दिलेली साथ असते. अनुदान संपले की मार्गाला स्वतःच्या प्रवाशांवर उभे राहावे लागते.

म्हणून कोणत्याही नव्या मार्गाबद्दल पहिला प्रश्न विचारा : याचे अनुदान कधी संपते? आणि दुसरा : आज किती टक्के आसने भरतात? देशाच्या वीस वर्षांच्या आकड्यापेक्षा या दोन उत्तरांवरून जळगावच्या विमानाचे भवितव्य जास्त नेमके कळते.

तिसरा प्रश्न रेल्वेचा. आपल्या भागात विमानाची खरी स्पर्धा भुसावळ जंक्शनशी आहे. रावेरहून सावदा-फैजपूर करत जळगाव विमानतळ गाठायला दीड-दोन तास, तासभर आधी पोहोचायचे, तासाभराचे उड्डाण, मुंबईत उतरून शहरात जायला आणखी तास-दीड तास. पाच तास सहज जातात. रात्रीच्या गाडीत झोपलेला माणूस सकाळी मुंबईत उतरतो, तेही खूप कमी पैशांत. त्यामुळे मुंबईच्या विमानाला दिवसाच्या कामाचा, घाईचा प्रवासी लागतो. गोवा किंवा हैदराबादचे गणित वेगळे, कारण तिथे रेल्वेने बराच वेळ जातो. एखादा मार्ग टिकेल का हे ठरवताना रेल्वेचे वेळापत्रक शेजारी ठेवलेच पाहिजे.

७. प्रवासी सोडून आकाशात आणखी काय आहे?

हवाई हालचाल म्हणजे फक्त प्रवासी विमाने नव्हेत. खान्देशाच्या आकाशात दिवसभर घिरट्या घालणारी छोटी विमाने प्रशिक्षणाची असतात. धावपट्टीला टेकायचे, न थांबता पुन्हा वर जायचे, वळसा घालून परत टेकायचे. एकच विद्यार्थी तासाभरात हे अनेकदा करतो. धुळ्याच्या गोंदूर धावपट्टीवर आणि शिरपूरला प्रशिक्षण चालते. २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले पाच विमानतळ निवडले, त्यात बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो, लीलाबारी यांच्यासोबत जळगाव होते.

म्हणून ‘जळगाव विमानतळावरील उड्डाणे वाढली’ असे वाचले, तर ती प्रवासी विमानांची आहेत की प्रशिक्षणाची हे विचारा. प्रशिक्षणाची उड्डाणे वाढणे चांगलेच, त्याने काम आणि कौशल्य येते. पण हॉटेल, टॅक्सी किंवा दुकान उघडणाऱ्याने प्रवाशांचा आकडाच धरावा.

८. आता तुमचा निर्णय

*मुलाला वैमानिक करायचे असेल तर :* व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण लागते. खर्च काही लाखांत भागत नाही, त्याच्या कितीतरी पट जातो. आणि परवाना मिळाल्यावर विशिष्ट जातीचे विमान चालवण्याचे प्रशिक्षण वेगळे. डीजीसीएने २०२२ मध्ये १,१६५ आणि २०२३ मध्ये विक्रमी १,६२२ परवाने दिले. केळीचा भाव चढला की सगळेच लागवड वाढवतात आणि माल निघेपर्यंत भाव उतरलेला असतो, हे रावेरकरांना सांगायला नको. वैमानिकांच्या भरतीतही हे चक्र चालते. वीस वर्षांत हजारो वैमानिक लागतील हे खरे मानले, तरी तुमचा मुलगा तयार होईल त्या वर्षी भरती असेल असे त्यातून ठरत नाही. म्हणून संस्थेला पैसे भरण्याआधी डीजीसीएच्या नियमांप्रमाणे वैद्यकीय तपासणी करून घ्या. परवान्यानंतर दोन वर्षे नोकरी मिळाली नाही, तर हप्ते कोण भरणार, याचे उत्तर लिहून काढा. शेत तारण ठेवून हे करू नका. विमान देखभालीचा अभियंता, हवाई वाहतूक नियंत्रक, विमानतळ व्यवस्थापन हे मार्गही त्याच वाढीतून पुढे जातात आणि त्यांचा खर्च कमी असतो.

*विमानतळाजवळ जमीन घ्यायची असेल तर :* प्रवासी वाढले म्हणजे शेजारचा प्लॉट वाढतोच असे नाही. सातबारा, बिनशेतीचा आदेश आणि विकास आराखड्यातला वापर पाहा. विमानतळाच्या परिसरात बांधकामाच्या उंचीला मर्यादा असतात, त्यासाठी प्राधिकरणाची परवानगी लागते. ती मिळेल का, हे आधी विचारा. भावी विस्तारासाठी जमीन संपादित होण्याची शक्यता तलाठ्याकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात तपासा. दलालाने दाखवलेली बातमी म्हणजे कागदपत्र नव्हे.

*केळी निर्यातदारांसाठी :* जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आखाती देशांत मागणी आहे. पण थंड केलेल्या एका मोठ्या कंटेनरमध्ये साधारण २० टन केळी जाते. मालवाहू एटीआर-७२ मध्ये नऊ टनांच्या आसपासच माल बसतो, म्हणजे एका कंटेनरला दोन विमानेही पुरत नाहीत. विमानाचे किलोमागचे भाडे केळीच्या भावाला पेलणारे नाही. हवाई मालवाहतुकीचा अंदाज औषधे, इलेक्ट्रॉनिक वस्तू, फुले अशा हलक्या आणि महाग मालासाठी महत्त्वाचा. केळीसाठी पॅकहाऊस, शीतगृह, रावेर-सावद्याची रेल्वे आणि न्हावा-शेवा बंदर यांच्याकडे लक्ष द्या. विमानाचा उपयोग निर्यातदाराला आणि त्याच्या परदेशी ग्राहकाला बागेपर्यंत आणण्यासाठी.

*नियमित प्रवास करणाऱ्यांसाठी :* आठवड्यातून किती दिवस विमान आहे, रद्द झाल्यास दुसरे साधन काय, हे पाहूनच महत्त्वाची कामे त्यावर ठेवा. आणि विमान सोयीचे असेल तर ते वापरा. भरलेली आसने हाच त्या मार्गाच्या टिकण्याचा आधार.

९. जिल्ह्याने स्वतःचा अंदाज करावा

दिल्लीतल्या अंदाजात रावेर दिसत नाही, म्हणून आपले आकडे आपणच गोळा केले पाहिजेत. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी, व्यापारी संघटनांनी आणि बाजार समित्यांनी मिळून हे काम सहज करता येईल. सुवर्णबाजार, ठिबक सिंचन आणि डाळ उद्योग, वरणगाव-भुसावळच्या आयुधनिर्माणी, रेल्वेचे विभागीय कार्यालय, केळी निर्यातदार, अजिंठ्याला येणारे पर्यटक आणि पुण्या-हैदराबादला शिकणारी, नोकरी करणारी मुले, हे आपले प्रवासी. त्यांना पाच प्रश्न विचारा. गेल्या वर्षी कोठे गेलात? कशाने गेलात? विमानाने गेला असाल तर कोणत्या विमानतळावरून? कोणत्या वारी आणि कोणत्या वेळी विमान असते तर जळगावहून गेला असता? जास्तीत जास्त किती भाडे दिले असते?

मग आलेल्या उत्तरांतून निम्मीच माणसे खरोखर विमानात बसतील असे धरा, कारण ‘जाईन’ म्हणणारे सगळे जात नाहीत. वर केलेल्या हिशेबाने रोजचे एक एटीआर चालायला प्रत्येक दिशेला दिवसाला सुमारे ४९ प्रवासी लागतात. निम्मे धरूनही ते भरत असतील, तर जिल्ह्याच्या हातात विमान कंपनीसमोर ठेवायला ठोस कागद आहे. भरत नसतील, तर आठवड्यातून तीन-चार दिवसांचे किंवा दुसऱ्या शहराचे विमान मागायला हवे. नुसत्या मागणीच्या निवेदनापेक्षा अशा एका कागदाचे वजन जास्त पडते. हे सर्वेक्षण दरवर्षी, त्याच महिन्यात आणि त्याच प्रश्नांनी करा. तीन-चार वर्षांत जो कल दिसेल, तो कोणत्याही वीस वर्षांच्या राष्ट्रीय अंदाजापेक्षा जळगावसाठी उपयोगी असेल.

देशातली विमानवाहतूक वाढणार, याविषयी माझ्या मनात शंका नाही. या वाढीत खान्देशाचा वाटा असावा, आपल्या मुलामुलींनी तिथे कॉकपिटपासून नियंत्रण कक्षापर्यंत जागा मिळवाव्यात, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच पुढचा आकडा वाचाल तेव्हा तो कापून ठेवा, शेजारी तारीख लिहा, त्यामागचे गृहीतक लिहा आणि दरवर्षी प्रत्यक्षाशी ताडून पाहा. ही सवय लागलेल्या माणसाला अंदाज चुकला तरी फटका मोठा बसत नाही, कारण त्याने पैसा लावताना ‘कमी’चा आकडा धरलेला असतो आणि चूक वेळेत ओळखलेली असते.